सुपर मिटिऑर ६५०: आधी मागच्या सीटला विचारलं

आमच्यात गाडी मी चालवते आणि नवरा मागे बसतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन ६२ किलो. तो सहा फुटाला जरासा कमी, वजन ८४ किलो. कॉलेजात असल्यापासून मी मोटरसायकल चालवायचे. मग मुलं झाली, चारचाकी आली आणि गाडी सुटली ती सुटलीच. मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर पुन्हा उचल खाल्ली. अट एकच होती: दोघांनी लांब जायचं आणि उतरल्यावर दोघांनाही कण्हत-कुंथत न बसता सरळ उभं राहता आलं पाहिजे. बरीच शोधाशोध करून रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० घेतली. ती का घेतली, कुठे कमी पडते आणि कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, ते लिहिते.

टुरिंगची गाडी म्हटलं की जो तो इंजिनावर बोलतो. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, शंभराला किती सेकंदांत पोचते. एकटा चालवणाऱ्याला ते ठीक आहे. डबलसीटवाल्याचे प्रश्न वेगळे असतात. गाडी उभी असताना, मागे माणूस बसलेला असताना, ती माझ्याच्याने सावरते का? आणि दोन तासांनी मागचा माणूस काय म्हणतो? आजकालच्या साडेसहाशे सीसीच्या कुठल्याही गाडीला दोन माणसं ओढायला ताकद पुरते. गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा शून्याच्या वेगात, पार्किंगमध्ये, उतारावर वळवताना. आणि सहली बंद पडतात त्या मागच्याने ‘तू जाऊन ये’ म्हटल्यामुळे.

मधल्या काळात गाड्या किती बदलल्या ते हँडल हातात घेतल्यावरच कळतं. पहिल्या टेस्ट राइडला माझा हात सवयीने चोक शोधत होता. चोक नाही, किक नाही, पेट्रोलचा कॉक नाही. क्लच एका बोटाने दाबला जातो, कारण स्लिप-असिस्ट क्लच आलाय. घाईत दोन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक अडखळत नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, तर परत येणाऱ्याला वरदानच आहे. बीएमडब्ल्यूने के १०० मालिकेवर १९८८ मध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज ते नसलेली मोठी गाडी मी बघणारही नाही. जुन्या हाताला ब्रेक अंदाजाने दाबायची सवय असते. पण तो अंदाज त्या काळच्या हलक्या गाडीचा आणि एकट्या माणसाचा. मागे ८४ किलो बसले की सगळा हिशोब बदलतो.

हिशोबावरून आठवलं. प्रत्येक गाडीला एकूण वजनाची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. त्यातून पेट्रोल भरलेल्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं: माणसं, कपडे, पेट्या, सगळं धरून. आमचं असं झालं: दोघांचे १४६ किलो, हेल्मेट-जॅकेट-बूट मिळून १२, सामान आणि त्याच्या पेट्या २५. झाले १८३. गंमत म्हणजे भल्यामोठ्या, सोफ्यासारख्या दिसणाऱ्या टुरिंग गाड्यांतही कितीतरींची मर्यादा दोनशे किलोच्या आसपासच असते, कारण गाडीनेच आधी आपलं वजन खाल्लेलं असतं. हा आकडा जाहिरातीत दिसत नाही. गाडीच्या पुस्तकात किंवा चासीवरच्या स्टिकरवर शोधावा लागतो. आधी तो बघा, मग रंग.

आता गाड्यांकडे येते. पहिली पाहिली सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५०. जुनी, नावाजलेली गाडी. व्ही-ट्विन (इंग्रजी व्हीच्या आकारात दोन सिलिंडर) इंजिन, २० लिटरची टाकी, मागचा स्प्रिंग हाताने गोल फिरवून घट्ट करायची मूठ. बसायची ठेवण ताठ आणि नैसर्गिक. कागदावर ती आमच्यासाठीच बनवल्यासारखी होती. सीटची उंची ८३५ मिलिमीटर.

आता चढायचा प्रसंग बघा. गाडी उभी आहे, साइड स्टँड वर, मी पुढचा ब्रेक दाबून दोन्ही पाय खाली टेकलेत. टेकलेत म्हणजे चवडे टेकलेत, टाचा अधांतरी. नवरा डावीकडून येतो, हात माझ्या खांद्यावर ठेवतो, डावा पाय फूटरेस्टवर देतो आणि अंग वर उचलतो. त्या दोन सेकंदांत त्याचे ८४ किलो गाडीच्या मध्यावर नसतात, वीतभर तरी डावीकडे लटकलेले असतात. ते तोलायला माझ्याकडे काय आहे, तर डाव्या पायाचा चवडा. गाडी कलली, मी मांडी लावून धरली, तो ‘अगं अगं’ करत परत खाली उतरला. गाडीचा काही दोष नाही. माझे पाय तेवढेच आहेत. उंच माणसाने हीच गाडी घ्यावी असं मी आजही सांगते. मला कुणीतरी सुचवलं की मागचे लिंक बदलून गाडी खाली उतरवून घे. पण तसं केलं की जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, साइड स्टँड लांब पडतो, वळणावर गाडी लवकर घासते. चांगली गाडी घेऊन तिचे पाय छाटण्यात अर्थ नाही.

कावासाकीची व्हर्सिस ६५० याच कारणाने दारातूनच परतवली. ती तर याहूनही उंच.

होंडाची एनटी ११०० मात्र जिवाला चटका लावून गेली. होंडाच्याच आफ्रिका ट्विन या गाडीचं १०८४ सीसीचं इंजिन, पाच जागी बसणारी काच, गरम होणाऱ्या मुठी, ठरवलेला वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल, बाजूच्या पेट्या कंपनीकडूनच. डीसीटीचं, म्हणजे गिअर आपोआप बदलणारं, मॉडेल घेतलं तर हाताने दाबायचा क्लचच नाही. चढावर थांबून निघताना, मागे माणूस असताना, डाव्या हाताची कसरत संपते. हेल्मेटला हेल्मेट ठक्‌ठक्‌ आपटणं हा डबलसीटचा जुना रोग. तो गिअर बदलतानाच्या धक्क्याने होतो, आणि डीसीटी गिअर इतके अलगद बदलतं की तो जवळजवळ बंद होतो. सीट ८२० मिलिमीटर, म्हणजे मला तरीही एका वेळी एकच पाय नीट टेकता येतो. डीसीटीसकट वजन २४८ किलो. माझे पाय तीन इंच लांब असते तर हा लेख एनटीवर झाला असता.

आणि मग होंडाचीच गोल्ड विंग. घ्यायचा विचार नव्हता, पण नवरा म्हणाला, एकदा मागे बसून बघू दे. १९७५ मध्ये चार सिलिंडरची म्हणून आलेली ही गाडी आता सहा सिलिंडरची, १८३३ सीसीची आहे. टूर मॉडेलच्या मागच्या सीटला पाठ आहे. नवरा बसला आणि त्याचं मनही तिथेच बसलं, उठायला तयार होईना. सीट फक्त ७४५ मिलिमीटर उंच, म्हणजे माझेही पाय आरामात टेकत होते. रिव्हर्सची सोय आहे. पण वजन ३८० किलोच्या आसपास. पाय टेकले म्हणजे वजन पेलतं असं नाही. गाडी दहा-बारा अंश कलली की त्यापुढे तिला थांबवणं ताकदीचं काम होतं, आणि ही एकदा कलली तर मी फक्त बाजूला होऊ शकते. नवऱ्याला उठवून बाहेर आणलं.

शोरूमचं एक सांगून टाकते, नाव घेत नाही. एका ठिकाणी विक्रेता सगळी माहिती नवऱ्याकडे बघून देत होता. ‘सर, पिकअप एकदम भारी आहे. मॅडम मागे आरामात बसतील.’ नवरा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम पुढे बसतात. मी आरामात बसेन का ते सांगा.’ त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्नच त्याला कुणी विचारलेला नसावा. दोघांना मिळून टेस्ट राइड द्यायलाही तयार होईनात. एकेकटे जा म्हणाले. डबलसीटची गाडी एकट्याने चालवून काय कळणार?

तर सुपर मिटिऑर. सीट ७४० मिलिमीटर, पाय पूर्ण टेकतात, गुडघे किंचित वाकूनही. पेट्रोलसकट वजन २४१ किलो, म्हणजे हलकी अजिबात नाही. पण ते वजन खाली आहे, सीटपाशी गाडी फार रुंद नाही, आणि हँडल आपणहून हातात येतं. चढायच्या प्रसंगात फरक लगेच कळला. मागची सीटही खाली असल्यामुळे नवऱ्याला फूटरेस्टवर पूर्ण उभं राहावं लागत नाही. पाय जमिनीवर ठेवूनच दुसरा पाय टाकतो आणि सरकून बसतो. गाडी जागची हलत नाही. माझ्या दृष्टीने सौदा तिथेच पटला. बाकीचं सगळं त्यानंतर.

इंजिन ६४८ सीसीचं, दोन सिलिंडरचं. ताकद ४७ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच) आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ५२.३ न्यूटनमीटर. आकडे वाचून कुणी नाक मुरडेल. पण टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे दोघं आणि सामान असताना चढावर सारखे गिअर खाली टाकावे लागत नाहीत. सहाव्या गिअरमध्ये ऐंशी-नव्वदला गाडी निवांत चालते. मागे बसणाऱ्याला वेगापेक्षा हा निवांतपणा जास्त कळतो. ओव्हरटेक मात्र आधी ठरवून करायचा. शंभरच्या पुढे दोघांना घेऊन झडप घालायची ही गाडी नाही.

आता तिचं दुखणं. ही क्रूझर, आणि क्रूझर म्हणजे पाय पुढे. दिसायला ऐटदार, पहिला तासभर मस्त. पण पाय पुढे असले की खड्डा दिसल्यावर फूटरेस्टवर भार देऊन अंग उचलता येत नाही. सगळा धक्का थेट माकडहाडात. त्यात मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची चाल १०१ मिलिमीटरच. व्ही-स्ट्रॉमची मागची चाल १६० च्या घरात आहे, यावरून अंदाज घ्या. आणि मागच्याचं गणित तर आणखी वाईट. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, म्हणून मागचं चाक उचललं गेलं की त्याच्यापर्यंत साधारण अर्धीच उचल पोचते. मागचा जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो. त्याला अख्खी मिळते. म्हणून खराब रस्त्यावर ‘एवढं काय झालं?’ असं पुढच्याने विचारू नये. पुढच्याला खरंच कळलेलं नसतं.

यावर उपाय आहे, अर्धाच आहे, पण आहे. मागच्या दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवता येतो. कारखान्यातून येतो तो एकट्या माणसाच्या हिशोबाने. तसाच ठेवून दोघं बसलो की स्प्रिंग आधीच दबलेला असतो, उरलेली चाल निम्मीच राहते आणि बरा खड्डा लागला की शेवटाला जाऊन आपटतो. प्रीलोड वाढवल्यावर गाडी कडक झाली असं वाटतं, प्रत्यक्षात मागच्याला कमी लागतं. तो वाढवला नाही तर आणखी एक होतं: गाडीचं नाक वर जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. मागच्या टायरची हवाही डबलसीटसाठी वेगळी असते, पुस्तकात दिलेली असते. पंपावरच्याला विचारू नका, तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो.

सीटबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. शोरूममध्ये अंगठ्याने दाबून ‘वा, मऊ आहे’ म्हणतात. मऊ फोम पहिली दहा मिनिटं छान वाटतो. मग तो दबून तळाला जातो आणि तुम्ही खालच्या पत्र्यावर बसता. लांबच्या प्रवासाला सीट रुंद हवी, जराशी घट्ट हवी, आणि मागची सीट पुढे उतरती नको. उतरती असली की प्रत्येक ब्रेकला मागचा सरकून पुढच्याच्या पाठीवर येतो. मग तो मांड्या आवळून स्वतःला धरून ठेवतो आणि संध्याकाळी त्याच्या मांड्या भरून येतात. सुपर मिटिऑरच्या साध्या मॉडेलची मागची सीट जेमतेम आहे. टूरर मॉडेलला मोठी टुरिंग सीट, समोर काच आणि मागच्याला पाठीचा टेकू मिळतो. दोघांनी जायचं असेल तर साध्या मॉडेलचा विचारच नको. टेकू ही चैनीची वस्तू नाही. टेकू असला की मागच्याला गाडी निघताना आपण मागे पडू अशी धास्ती राहत नाही, आणि धास्ती गेली की त्याचं अंग सैल होतं. सैल बसलेला माणूस वळणावर गाडीबरोबर कलतो. ताठ बसलेला उलट्या बाजूला ओढतो, ते मला हँडलमध्ये लगेच कळतं.

काचेचं म्हणाल तर ती हवेला छातीवरून उचलून हेल्मेटवर टाकते. माझ्या उंचीला चालतं. नवरा माझ्यापेक्षा उंच आणि त्याची सीटही वर, त्यामुळे त्याला उसळलेला वारा डोक्यावर लागतो. शंभरच्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. लांब जाताना दोघंही कानात बोळे घालतो. थकवा निम्म्याने कमी वाटतो, आणि हॉर्न तरीही ऐकू येतो.

काय नाही तेही सांगते. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, क्रूझ कंट्रोल नाही. जमिनीपासूनचं अंतर १३५ मिलिमीटर, दोघं आणि सामान असताना उंच स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो. टाकी १५.७ लिटरची, तीनशे किलोमीटरच्या आत पंप बघायचा. आम्हाला त्याची अडचण नाही, आमची गुडघ्यांची टाकी त्याच्या बरीच आधी रिकामी होते. मागचं चाक फिरवायला चेन आहे, शाफ्ट (बंद दांडा) नाही, म्हणजे तेल द्यायचं काम आलं. बीएमडब्ल्यूच्या आरटी या टुरिंग गाडीला किंवा गोल्ड विंगला ही कटकट नसते. सामानासाठी बाजूच्या पेट्या लावल्या, मागे उंच टॉप बॉक्स लावला नाही. मागच्या चाकाच्याही पलीकडे वजन टांगलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि डबलसीटला ते आधीच हलकं झालेलं असतं.

परत गाडी सुरू करणाऱ्यांना एकच सांगते: पहिल्यांदा दोघं मिळून लांब जाऊ नका. आधी एकट्याने रिकाम्या मैदानावर हळू वेगात इंग्रजी आठ काढा, मागच्या ब्रेकवर गाडी सांभाळायला शिका, मग जोरात ब्रेक दाबून एबीएस पायाखाली कसं थरथरतं ते बघून ठेवा. मग तेच सगळं मागे माणूस बसवून. नवऱ्याने या काळात भरपूर शिव्या खाल्ल्या आणि दिल्याही.

सेकंडहँड घेणार असाल तर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी रबर जुनं झालेलं असतं. कमी चाललेल्या टुरिंग गाड्यांत हे फार दिसतं, कारण लोक हौसेने घेतात आणि झाकून ठेवतात.

थोडक्यात कुणी काय घ्यावं: चालवणारा उंच असेल आणि रस्ते खराब असतील, तर सुपर मिटिऑर नको, व्ही-स्ट्रॉमसारखी ताठ बसायची गाडी बघा. मोठ्या हायवेवर दिवसभर वेगात जायचं असेल तर काच आणि क्रूझ कंट्रोलवाली एनटी किंवा तिच्या जातीची. चालवणारा बुटका असेल, वेगाची घाई नसेल आणि वाटेत थांबत-थांबत जायची आवड असेल, तर सुपर मिटिऑर टूरर. पण टेस्ट राइडला मागच्याला घेऊनच जा, किमान तासभर फिरा, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारा. दोघांना मिळून सोडत नसतील तर शोरूम बदला.